गोल न मारणारी पोरगी

प्रश्न : पत्र एका वडिलांचं आहे. नाव-गाव काढून टाकलंय, काही तपशील बदललेत; पण पहिल्याच ओळीत पेठ, तालीम आणि फुटबॉल असे तिन्ही शब्द आल्यावर गाव कुठलं हे वाचकांना वेगळं सांगायला नको. तरुणपणी ते स्वतः पेठेच्या संघातून लेफ्ट विंगला खेळले. मुलगी १७ वर्षांची, बारावी सायन्सला. गेल्या वर्षी तिची भारताच्या १७ वर्षांखालील मुलींच्या शिबिरात निवड झाली. परदेशात तीन सामन्यांत ती मैदानात उतरली, त्यातले दोन बदली खेळाडू म्हणून. गावात असताना ती फॉरवर्डच्या मागे खेळायची आणि गोल मारायची. शिबिरातल्या कोचनी तिला खाली ओढलं आणि बचावफळीच्या पुढ्यात उभं केलं. "तेव्हापासून पोरगी गोल मारत नाही, पेपरात नाव येत नाही. दिसणार कशी?" असं ते विचारतात.

समोर तीन वाटा आहेत. दुसऱ्या राज्यातल्या, इंडियन विमेन्स लीगमध्ये खेळणाऱ्या एका क्लबने १८ पूर्ण झाल्यावर करार करू असं कळवलंय. मुंबईचे एक गृहस्थ स्वतःला एजंट म्हणवतात. ते स्पेनमध्ये ट्रायल मिळवून देणार आहेत. खर्च सहा लाख, त्यातले पन्नास हजार महिनाअखेरीपर्यंत आगाऊ. आणि मुलीची आई म्हणते, आता पुरे, शिबिर सोड आणि नीटच्या मागे लाग. वडिलांचा कल स्पेनकडे आहे, पीएफमधून पैसे काढायची तयारी आहे. "ताई, आत्ता नाही तर कधीच नाही. आमच्या वेळी आम्हाला कुणी विचारलं नाही. तिच्या वेळी मी कमी पडायला नको." कोचना भेटून तिला परत वर खेळवायची विनंती करावी का, असंही त्यांनी विचारलंय. शेवटी ता. क. म्हणून एक ओळ : "मॅचनंतर गुडघा थोडा दुखतो म्हणते, पण ते चालायचंच."

उत्तर :

भाऊ, नमस्कार.

पन्नास हजार देऊ नका. बाकीचं सावकाश बोलू, पण महिनाअखेर जवळ आलीय म्हणून हे आधी.

फिफाचा नियम असा, की १८ वर्षं पूर्ण व्हायच्या आधी खेळाडूची दुसऱ्या देशातल्या क्लबकडे नोंदणी होत नाही. अपवाद आहेत, पण ते तुमच्या कामाचे नाहीत. आईवडील फुटबॉल सोडून दुसऱ्या कारणाने त्या देशात राहायला गेलेत, किंवा बदली युरोपीय संघाच्या आतल्या आत आहे आणि खेळाडू १६ वर्षांचा झालाय, किंवा घर सीमेला लागून आहे, अशा प्रकारचे ते आहेत. म्हणजे तुमची मुलगी उद्या स्पेनला गेली, तिथल्या कोचना ती पसंत पडली, तरी तिला अधिकृत सामन्यात उतरवता येणार नाही. हे त्या गृहस्थांना माहीत नसेल तर ते कसले एजंट, आणि माहीत असून तुम्हाला सांगितलं नसेल तर पुढे बोलायलाच नको.

एजंटला फिफाची परीक्षा देऊन लायसन्स घ्यावं लागतं. लायसन्स असलेल्यांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. अल्पवयीन खेळाडूसाठी काम करायचं तर त्याचं वेगळं प्रशिक्षण लागतं आणि पालकांची लेखी संमतीही. तेव्हा त्यांच्याकडे व्हॉट्सॅपवर दोनच गोष्टी मागा : लायसन्सचा नंबर, आणि ट्रायलला बोलावणाऱ्या क्लबच्या लेटरहेडवरचं, मुलीच्या नावाचं पत्र. माझा अंदाज आहे, त्यानंतर त्यांचे फोन आपोआप कमी होतील.

आता सहा लाख म्हणजे किती, तेही बघू. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०२३ मध्ये असं ठरवलं की इंडियन विमेन्स लीगच्या प्रत्येक क्लबने निदान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपये द्यावेत. तुमच्या मुलीने लीगमध्ये या किमान पगारावर सुरुवात केली, तर जवळजवळ दोन वर्षांची कमाई तुम्ही एका ट्रायलवर लावताय, तीही करार होऊच शकत नाही अशा ट्रायलवर. पीएफ राहू द्या तिथेच.

एवढं झाल्यावर तुमच्या त्या वाक्याकडे वळते. आत्ता नाही तर कधीच नाही. हे वाक्य पत्रात दोनदा आलंय आणि दोन्ही वेळा त्याच्यानंतर तुमच्या स्वतःच्या खेळाचा विषय निघालाय. तुम्हाला कुणी विचारलं नाही याची खंत खरी आहे, तिला मी हलकं लेखत नाही. पण ही घाई तिथून आलीय. मुलीच्या खेळात या घाईला आधार सापडत नाही.

बाला देवी स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबकडे गेली ती जानेवारी २०२० मध्ये, तिशीला काही दिवस उरले असताना. मनीषा कल्याण सायप्रसच्या अपोलोन क्लबकडे २०२२ मध्ये गेली तेव्हा २० वर्षांची होती. त्याच वर्षी ती युरोपातल्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली. पण जाण्याआधी ती गोकुलम केरळकडून इथली लीग खेळली होती, आशियाई क्लब स्पर्धेत उतरली होती आणि भारताच्या मुख्य संघातून ब्राझीलविरुद्ध, ब्राझीलमध्येच, गोल मारून बसली होती. दोघींनीही आधी इथे खेळून नाव केलं, मग तिकडचं दार उघडलं. दोघी पुढे खेळणाऱ्या, त्यांच्या खेळात पळायचा वेग लागतो आणि वेग वयाबरोबर उतरतो. तरीही घाई नव्हती. तुमच्या मुलीची जागा तर अशी आहे की तिथे वय वाढेल तसा खेळाडू महाग होत जातो.

ही जागा हा तुमच्या पत्रातला खरा विषय आहे असं मला वाटतं, म्हणून थोडं लांबवते.

तुम्ही विंगला खेळलात. विंगरचं काम लांबून दिसतं : बॉल मिळाला, पळाला, क्रॉस टाकला, पेठेने शिट्ट्या मारल्या. बचावफळीच्या पुढे उभ्या राहणाऱ्या खेळाडूचं चांगलं काम गॅलरीतून दिसतच नाही, कारण त्यातलं निम्मं काम म्हणजे समोरच्यांना हवं ते होऊ न देणं. ती योग्य जागी उभी असली की प्रतिस्पर्ध्याचा पास तिकडे जातच नाही. न गेलेल्या पासची बातमी कोण छापणार?

पुढच्या वेळी तिचा सामना बघाल तेव्हा एक करा. मोबाइल खिशात ठेवा आणि पहिली दहा मिनिटं बॉलकडे बघूच नका, फक्त तिच्याकडे बघा. बॉल तिच्याकडे यायच्या आधी ती खांद्यावरून मागे किती वेळा बघते? सेंटर बॅकने पास सोडला, बॉल अजून वाटेत आहे, तेवढ्या अवधीत तिची मान एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे वळली, तर समजा तिला माहीत आहे की अंगावर कोण येतंय. मग पहिला स्पर्श बघा. बॉल पायाखाली मारून ठेवते, की ज्या बाजूला मोकळं आहे तिकडे अंग उघडून घेते? पास दिल्यावर उभी राहून बघते, की चार पावलं सरकून परत मागायला मोकळी होते? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपल्या संघाने बॉल गमावला, त्या क्षणी ती कुठे पळते? बॉलमागे पळणं सोपं. चांगली खेळाडू बॉल जिथे जाणार आहे तिथे पळते. हे सगळं ती करत असेल, तर कोचनी तिला खाली का ओढलं याचं उत्तर तुम्हाला माझ्यापेक्षा आधी मिळेल. सतरा वर्षांच्या मुलीच्या हाती कोच संघाचा कणा देतात तेव्हा ते तिला मागे टाकत नसतात. तिच्याकडून चूक झाली तर मागे फक्त सेंटर बॅक आणि गोलकीपर उरतात, हे त्यांना माहीत असतं.

जगात मधल्या फळीतल्या खेळाडूला कुणी ओळखत नाही म्हणाल, तर स्पेनचीच गोष्ट घ्या, तुमचा तिकडे ओढा आहेच. आयताना बोन्माती मिडफिल्डर. २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षं बॅलन डी'ऑर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, तिच्याकडे. त्याआधीची दोन वर्षं आलेक्सिया पुतेयासकडे, तीही मधल्याच फळीतली. दोघी तुमच्या मुलीपेक्षा थोड्या पुढे खेळतात हे खरं, पण दोघींचं नाव गोलांच्या आकड्यांवर उभं नाही.

आणि आपल्याकडचं बघायचं तर ५ जुलै २०२५ ची थायलंडमधली चियांग माईची मॅच आठवा. भारताने यजमान थायलंडला २-१ ने हरवलं आणि पात्रता फेरी खेळून आशियाई चषकात पहिल्यांदा जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. ती मिडफिल्डर आहे. तुम्ही म्हणाल, बघा ताई, शेवटी गोलच! मान्य. पण त्या दोन गोलांआधीची तिची वर्षं बघा. पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची मुलगी, सशस्त्र सीमा बलात नोकरी, देशासाठी कित्येक वर्षं मधल्या फळीत राबणं, आणि घराघरात नाव पोचलं ते तिशीच्या उंबरठ्यावर. तुमच्या मुलीला त्या हिशोबाने अजून दहा-अकरा वर्षं आहेत.

तालमीत वस्ताद नव्या पोराला लगेच फडावर सोडत नाही, आधी वर्ष-दोन वर्षं मातीत घुसळतो. तुम्ही त्याच वातावरणात वाढलात. मग पोरीच्या बाबतीत एवढी घाई का?

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मी नुसता धीर देतेय असं वाटेल. कोवळ्या वयात जगापुढे आलेल्या मिडफिल्डर आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक आपल्याकडे झाला. भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई. नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर अंतिम सामन्यात स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवलं आणि स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली विकी लोपेझ, वय १६, मिडफिल्डर. आज ती बार्सिलोनात आणि स्पेनच्या मुख्य संघात आहे. त्याच स्पर्धेत आपल्या मुली अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ अशा हरल्या. सोळा गोल खाल्ले, एकही मारला नाही. तेव्हा आपल्याकडे बरीच चर्चा झाली : उंची, ताकद, आहार वगैरे. ते सगळं आहेच. पण विकी लोपेझ इथे आली तेव्हा ती वयाच्या पंधराव्या वर्षीच माद्रिदच्या एका क्लबकडून तिथल्या पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये, मोठ्या बायकांविरुद्ध, खेळून आली होती. त्या लीगमध्ये १६ संघ, म्हणजे एका मोसमात ३० सामने, शिवाय चषकाचे वेगळे. आपल्या इंडियन विमेन्स लीगमध्ये २०२४-२५ च्या मोसमात ८ संघ होते, प्रत्येकाच्या वाट्याला १४ सामने.

फरक इथे आहे, भाऊ. आपल्या मुलींना शिबिरं मिळतात, सामने मिळत नाहीत. मिडफिल्डरला तर सामन्याला पर्यायच नाही, कारण जागा वाचणं सरावात मांडलेल्या शंकूंमधून बॉल नेऊन येत नाही. ते चुकीच्या जागी उभं राहून, पास कापला जाऊन, गोल खाऊन येतं. त्यामुळे तुमच्या तिन्ही वाटांना एकच प्रश्न विचारा : इथे माझ्या मुलीला वर्षात किती सामने आणि त्यातली किती मिनिटं खेळायला मिळतील? स्पेनचं उत्तर शून्य. लीगच्या क्लबचं उत्तर कदाचित चौदा, कदाचित बाकावर बसून चौदा. तिथे त्याच जागेवर पंचविशीची, परदेशी किंवा देशासाठी खेळणारी कुणी आधीच असेल, तर पहिलं वर्ष पाणी देण्यात जाईल. हे क्लबला सरळ विचारायचं असतं, त्यात अपमान नाही. घरी राहिली तर राज्य संघटनेची लीग, वयोगटाच्या राष्ट्रीय स्पर्धा, आणि रोज संध्याकाळी पेठेतल्या पोरांबरोबर सराव. या शेवटच्याला कमी समजू नका. बोन्मातीही लहानपणी मुलांच्याच संघातून खेळली. अंगावर येणारा दहा किलोने जड असला की बॉल लवकर सोडायला शिकावंच लागतं.

आता वहिनींचं. तुमच्या पत्रात त्या फक्त अडवणाऱ्या म्हणून येतात. पण १७ वर्षांखालील संघातून खेळलेल्या सगळ्याच मुली २० वर्षांखालील संघात जात नाहीत आणि तिथल्या सगळ्या मुख्य संघात पोचत नाहीत, हे घरात त्या एकट्याच बोलतायत. त्यांचं म्हणणं खोडायला जाऊ नका, त्यातलं 'शिबिर सोड' एवढंच बाजूला काढा.

कारण अभ्यास आणि फुटबॉल ही लढत तुम्ही दोघांनी मिळून लावलीय, वेळापत्रकात ती एवढी मोठी नाही. राज्य मंडळाची बारावी फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, पुरवणी परीक्षा जून-जुलैच्या सुमारास. शिबिर नेमकं परीक्षेत आलं तर काय करायचं हे कॉलेजने विभागीय मंडळाला आत्ताच लेखी विचारून ठेवावं, निवडीचं पत्र जोडून. आयत्या वेळी प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभं राहण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, तो रस्ता हाताशी असू द्या. खेळाडूंना मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव कॉलेजमार्फत वेळेत जायला हवा, पुष्कळ मुलांचा तो नुसत्या कागदांअभावी राहतो. आणि नीटला सध्या वरची वयोमर्यादा नाही. २० वर्षांखालील संघाला आहे. डॉक्टर व्हायचं असेल तर ती बावीसाव्या वर्षीही परीक्षा देऊ शकते. अवघड जाईल हे कबूल, पण दार बंद होत नाही. शिवाय सायन्सच्या बारावीवर फिजिओथेरपी आहे, क्रीडाविज्ञान आहे. बोन्मातीने बार्सिलोनाकडून खेळता खेळता क्रीडाविज्ञानाची पदवी घेतली.

वहिनींना आणखी एक सांगा. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव असतात. रेल्वे, पोलीस, निमलष्करी दलं खेळाडूंना घेतात. पण तिथे जर्सीचा फोटो चालत नाही, प्रमाणपत्र लागतं आणि ते क्रीडा विभागाकडून पडताळून घ्यावं लागतं. आजच एक फाइल करा : शिबिराचं निवडपत्र, संघाची अधिकृत यादी, सामन्यांचे तपशील, महासंघाकडच्या नोंदणीचा क्रमांक, पासपोर्टवरचे शिक्के, जन्मदाखला. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख एकच आहे ना, ते आत्ता बघा. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून बाप लोकांकडून राहतं.

आणि ती ता. क. ची ओळ. चार पानी पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटली. गुडघा दुखणं चालायचं नसतं. फुटबॉल खेळणाऱ्या मुलींमध्ये गुडघ्यातला एसीएल हा लिगामेंट तुटायचा धोका मुलांपेक्षा दोन-तीन पट जास्त असतो, आणि वय वाढत असतानाच्या या वर्षांत तो वर असतो. पुतेयासचा एसीएल जुलै २०२२ मध्ये, युरो स्पर्धा तोंडावर असताना, तुटला. परत मैदानात यायला जवळजवळ दहा महिने लागले. जर्मनीची लेना ओबरडॉर्फ १७ व्या वर्षी विश्वचषक खेळली, तिचा एसीएल २०२४ मध्ये तुटला आणि त्यातून उठून आल्यावर २०२५ मध्ये पुन्हा. त्या दोघींच्या मागे जगातले उत्तम डॉक्टर आणि क्लबचा पैसा उभा होता. आपल्याकडे ऑपरेशन होईल, पण त्यानंतरचे नऊ-दहा महिने रोजचा फिजिओ कोण देणार?

तुमच्या मुलीला तसं काही झालंय असं मी म्हणत नाही. या वयात गुडघा दुखायला साधी कारणंही असतात. पण ते खेळाडूंचे गुडघे बघणाऱ्या ऑर्थोपेडिक डॉक्टरने सांगायचं, तुम्ही-आम्ही नाही. तोवर मलम चोळून मैदानात पाठवू नका. सराव सुरू व्हायच्या आधी फिफाचा 'इलेव्हन प्लस' हा वीस मिनिटांचा वॉर्म-अप तिचे इथले कोच करून घेतात का विचारा. पळणं, एका पायावर तोल सांभाळणं, उडी मारून गुडघा आत न पडू देता उतरणं, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम, असं त्यात असतं. साहित्य काही लागत नाही. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर त्याची मोठी चाचणी झाली, २००८ मध्ये निष्कर्ष आले : एकूण दुखापती साधारण एक तृतीयांशाने घटल्या, गंभीर दुखापती निम्म्याच्या जवळपास. आपल्याकडे दोन फेऱ्या मारल्या की वॉर्म-अप संपतो.

त्याच खेपेला रक्त तपासून घ्या, हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनसुद्धा, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. लोह कमी असलं की दुसऱ्या हाफमध्ये पाय जड होतात आणि आपण म्हणतो स्टॅमिना नाही. पाळी नियमित येते का, हे वहिनींनी विचारावं. सराव वाढल्यावर पाळी थांबली तर काही मुलींना ती सोयच वाटते, पण बहुतेक वेळा त्याचा अर्थ खाणं कमी पडतंय असा असतो, आणि पुढे हाडं ठिसूळ व्हायला तिथूनच सुरुवात होते.

एवढं सगळं लिहून झाल्यावर मी तुमचं पत्र पुन्हा वाचलं, मुलीचं स्वतःचं एखादं वाक्य सापडतंय का बघायला. गुडघा दुखतो, एवढं एकच सापडलं, आणि त्याच्यापुढे तुमचं 'पण' आहे. तिला सहा नंबरला, म्हणजे बचावफळीच्या पुढच्या या जागेवर, खेळायला आवडतं का? तिला डॉक्टर व्हायचंय का? शिबिरात ती रमली, की रात्री उशीत तोंड खुपसून रडली? मला माहीत नाही, आणि मला शंका आहे की तुम्हालाही पक्कं माहीत नाही. जेवायच्या ताटावर, तुम्ही एकीकडे आणि वहिनी दुसरीकडे असताना विचारू नका. तिथे ती एकाची बाजू घेतेय असं होतं आणि मुली मग गप्प बसतात. सरावाहून आणताना गाडीवर विचारा. तोंड दिसत नसलं की बरंच बोलणं होतं. आणि 'फुटबॉल सोडायचंय' असं उत्तर आलं तरी गाडी थांबवू नका, घरापर्यंत ऐकून घ्या.

तिला खेळायचंच असेल असं धरून मी काय केलं असतं ते सांगते. आधी गुडघा. मग बारावी इथेच, इथल्या कॉलेजमधून. शिबिराचं बोलावणं आलं तर जायचं. लीगच्या क्लबला नाही म्हणायचं नाही; बारावीनंतर बोलू असं कळवायचं आणि बोलणी लेखी ठेवायची. मुलगी तोवर १८ ची होईल, सही तिची असेल. करार एका मोसमाचा मागा. अनोळखी क्लबला तीन वर्षं बांधून घ्यायचं काही कारण नाही. क्लबला विचारायचे प्रश्न पैशांपासून सुरू करू नका. तिच्या जागेवर अजून कोण खेळतं? दुखापत झाली तर विमा कुणाचा, ऑपरेशन आणि नंतरच्या फिजिओचा खर्च कुणाचा? हॉस्टेलला मुलींबरोबर बाई वॉर्डन राहते का, संघाबरोबर प्रवासाला बाई फिजिओ किंवा मॅनेजर असते का, तक्रार करायची वेळ आली तर अंतर्गत तक्रार समितीत कोण आहे? हा शेवटचा प्रश्न विचारताना अवघडू नका. चांगला क्लब नावं आणि फोन नंबर देतो. ज्याला त्याचा राग येतो तिथे मुलीला ठेवू नका, बाकी अटी कितीही चांगल्या असोत. त्या क्लबमधून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या एखाद्या मुलीला फोन करा. तुमची मुलगी शिबिरातल्या ओळखीने तो नंबर मिळवू शकेल. पगार वेळेवर होतो का, हे तिच्याइतकं खरं कुणी सांगणार नाही.

राहिली कोचना विनंती. 'पोरीला फॉरवर्डला खेळवा' हे सांगायला जाऊ नका. निवडीच्या यादीवर नावं लिहिणाऱ्या माणसाच्या डोक्यात मुलीच्या नावाशेजारी तिच्या वडिलांचा फोन राहतो, आणि त्याने कुणाचंही भलं झालेलं नाही. भेटायचंच असेल तर गुडघ्याचा रिपोर्ट घेऊन भेटा, तो त्यांना खरोखर हवा असेल. मग विचारा की घरी असताना तिने कशावर काम करायचं. ते कदाचित म्हणतील डावा पाय, कदाचित म्हणतील लांब पास, कदाचित हवेतला बॉल. तुम्ही डावखुरे विंगर होतात. डावा पाय म्हणाले, तर रोज अर्धा तास तिच्यासमोर उभं राहायला तुमच्याइतकं योग्य माणूस गावात नाही.